दोउरोचा दगड आणि तापीकाठची काळी जमीन

पोर्तुगालमधे दोउरो नावाच्या नदीचं खोरं आहे, पोर्ट नावाची गोड, कडक वाईन जिथली ती हीच जागा, आणि तिथे सरकारी मोजणीत ज्या जमिनीला सगळ्यात वरचा दर्जा मिळतो ती आपल्या तापीकाठच्या शेतकऱ्याला फुकट दिली तरी तो घेणार नाही. काळी नाही, खोल नाही, सपाट नाही, पाण्याची सोय नाही. खाली खडक, वर त्याच खडकाचा चुरा आणि त्यात वेली. मी माती परीक्षणाच्या लॅबमधे काम करते, पिशव्यांतून आलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची, रिपोर्ट काढायचा, त्यामुळे "मॅडम जमीन चांगली आहे ना?" हा प्रश्न मला रोजच विचारला जातो, आणि दोउरो बघून आल्यापासून मी त्यांनाच विचारते की कोणत्या पिकासाठी विचारताय ते आधी सांगा. वाईन पिणाऱ्यांनी हे वाचावंच, पण न पिणाऱ्यांनी जास्त वाचावं असं मला वाटतं, कारण माझा स्वतःचा जीव द्राक्षापेक्षा जमिनीत आणि हवेत जास्त अडकलाय.

आधी आपल्याकडचं सांगते म्हणजे पुढचं लक्षात येईल. आमचं शेत चोपडा तालुक्यात, तापीच्या अंगाला. गाळाची खोल काळी जमीन, कपाशी आणि केळी. उन्हाळ्यात मोकळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला मोठा पाऊस झाला की तीच माती फुगून भेगा बुजवून टाकते, चिकणमाती भरपूर असल्याचं हे लक्षण. रिपोर्टला सामू म्हणजे पीएच आठच्या आसपास, चुनखडी, पालाश चांगलं, सेंद्रिय कर्ब कमी, हे आकडे मला न बघता सांगता येतात इतके नेहमीचे आहेत. ही माती पाणी धरून ठेवते म्हणून तिला किंमत, सोयरीक जमवताना पण "काळी आहे का हलकी" हे विचारलं जातं. आईचं माहेर साक्रीकडे डोंगराच्या बाजूला, तिथे सगळं मुरमाड, कुदळ मारली की ठिणगी उडावी अशी जमीन, आणि आमच्या घरात त्या जमिनीला कायम नाक मुरडलेलं मी ऐकलंय. मामाने त्याच मुरमात डाळिंब लावलं आणि चांगलं आणलं, आणि इकडे भारी काळ्या जमिनीत डाळिंब लावलेल्या लोकांच्या बागा मर रोगाने बसल्या, कारण पाणी मुळाशी तुंबून राहायचं. म्हणजे धडा घरातच होता, पण तो नीट उमगायला मला पोर्तुगाल लागलं. माझी आतेबहीण व्हिला रेआलच्या विद्यापीठात द्राक्षशेतीचं शिकतेय, तिच्याकडे मी सप्टेंबरमधे गेले होते, तोडणीचे दिवस होते.

तर दोउरो. ही नदी स्पेनमधून निघते, पोर्तुगालमधे शिरते आणि पश्चिमेकडे वाहत पोर्तो शहरापाशी अटलांटिक समुद्राला मिळते. समुद्रावरून पावसाचे ढग येतात ते मराँव नावाच्या डोंगराला अडतात, १४१५ मीटर उंच आहे तो, आणि त्याच्या अलीकडे म्हणजे समुद्राच्या बाजूला हिरवंगार ओलं पोर्तुगाल आणि पलीकडे कोरडं खोरं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायची गरज नाही. गंमत अशी की मराँवपासून पूर्वेला जाल तसं खोरं कोरडं होत जातं, म्हणून तिथे तीन भाग धरतात. पहिला बायशो कोर्गो, रेग्वा गाव तिथलं, पाऊस साधारण ९०० मिलीमीटर. मधला सीमा कोर्गो, पिन्याँव गावाभोवतीचा, तिथे ६५० ते ७००. आणि स्पेनच्या सीमेकडचा दोउरो सुपेरिओर, तिथे पाचशेच्याही खाली. पश्चिमेकडची वाईन हलकी, ताजी, लवकर प्यायची. मधल्या भागातली सगळ्यात नावाजलेली, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या पोर्ट बहुतेक इथल्याच. पूर्वेची पिकलेली, दाट, उन्हाची. एकाच नदीवर, एका दिवसात गाडीने पार होईल एवढ्या अंतरात हा फरक आहे.

आता पिन्याँवचा रेनफॉल बघितला तर तो आपल्या जळगावच्या जवळपास जातो. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार आपलेपणा वाटला, पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. आपला पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, पीक उभं असताना. त्यांचा पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल, वेल झोपलेली असताना किंवा नुकती डोळे फोडत असताना, आणि मग जून जुलै ऑगस्ट जवळजवळ कोरडे. म्हणजे वेलीला जेव्हा पाणी हवं तेव्हा आभाळातून काही नाही, थंडीत जे पडलं ते जमिनीने कुठेतरी सांभाळून ठेवलं असेल तर तेवढंच. तिकडचे लोक म्हणतात की आमच्याकडे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. नरक म्हणजे खरंच नरक, दरी खोल आहे, वारा आत येत नाही, दोन्ही बाजूचे डोंगर दिवसभर तापतात.

आणि द्राक्षाला ड्रिप नाही. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. तिथे वाईनच्या द्राक्षाला पाणी देण्यावर कायद्याची बंधनं आहेत, आता अटींवर काही ठिकाणी परवानगी मिळते पण जुन्या बागा सगळ्या कोरडवाहू. मग वेल जगते कशी?

याचं उत्तर त्या दगडात आहे. त्याला शिस्ट म्हणतात, मराठीत सुभाजा असा शब्द पुस्तकात आहे पण बोलायला शिस्टच बरं. आपला बेसॉल्ट लाव्हारसाचा, शिस्ट त्याच्या अगदी उलट, जुना चिखलाचा गाळ जमिनीत खोल दाबला जाऊन, तापून बनलेला, म्हणून त्यात पातळ पातळ थर असतात. पिन्याँवच्या वर एका बागेत रस्त्यासाठी डोंगर उभा कापलेला होता, तिथे मी बराच वेळ बसून होते. थर आडवे नव्हते, जवळजवळ उभे होते, बिबड्यांची म्हणजे ज्वारीच्या पापडांची चवड आडवी न ठेवता कडेवर उभी करून ठेवावी तसे. एक तुकडा उचलला, नखाने चीर दिली, तर दोन पापुद्रे सुटले, आतून चंदेरी, अभ्रकाची बारीक चमक, बाहेरून गंजलेला पिवळसर तपकिरी. ऊन्हं कलली होती तरी तुकडा हाताला गरम लागत होता. आणि त्या कापलेल्या भिंतीत वरच्या बांधावरच्या वेलीची मुळं दिसत होती, बोटाएवढी जाड नाहीत, सुतळीपेक्षा बारीक, चपटी झालेली, दोन थरांच्या मधून सरळ खाली उतरलेली. मी माझ्या उंचीपर्यंत माग काढला आणि ती तिथून पण खाली गेलेली होती. बहीण म्हणाली, अगं कित्येक मीटर जातात, रस्ता संपला म्हणून आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

यात सगळं आलं. हिवाळ्याचा पाऊस त्या उभ्या फटींतून खाली झिरपतो आणि खोल थंड जागी, जिथे ऊन पोचत नाही तिथे राहतो. वरची जमीन लगेच कोरडी, त्यामुळे वरच्या वर मुळं पसरून भागत नाही, वेलीला खालीच जावं लागतं. थर आडवे असते किंवा दगड अखंड असता तर हे जमलं नसतं. त्याच खोऱ्याच्या कडेला ग्रॅनाइट आहे, तो असा पापुद्र्यांनी फुटत नाही, आणि जुन्या काळापासून पोर्टसाठी लोक शिस्टला वर आणि ग्रॅनाइटला खाली धरत आलेत. दगडाचं दुसरं काम वर चालतं. पृष्ठभागावर चिपांचा थर पसरलेला असतो, तो खालचा ओलावा उडू देत नाही, पावसात माती वाहू देत नाही, आणि दिवसा घेतलेली उष्णता संध्याकाळी घडांना परत देतो. आपण केळीत पाचट, पाला अंथरतो त्याचंच काम तिथे दगड करतो.

माती म्हणून बघायला गेलं तर माझ्या लॅबला असा नमुना आला असता तर मी शेतकऱ्याला काय सल्ला दिला असता याचा मी तिथे बसून विचार करत होते. सामू आम्लाकडे, सेंद्रिय कर्ब अगदी कमी, स्फुरद कमी, चाळणीवर निम्म्याहून जास्त दगडच राहणार. मी शेणखत सुचवलं असतं, चुना सुचवला असता आणि मनातून वाईट वाटलं असतं. पण त्या वेलीला भरपूर खायला घातलं तर ती पानं करते, फांद्या करते, दाणे फुगवते, आणि वाईनसाठी नेमकं तेच नको असतं. दाणा लहान हवा, कारण रंग, वास, तुरटपणा सालीत असतो आणि लहान दाण्यात रसाच्या मानाने साल जास्त. आपल्या नाशिकच्या खायच्या द्राक्षात मणी फुगवण्यासाठी किती खटपट करतात ते माहितीये सगळ्यांना. दोउरोत लाल वाईनसाठी कायद्यानेच मर्यादा आहे, हेक्टरी ५५ हेक्टोलिटर म्हणजे साडेपाच हजार लिटर, त्याला लागतात साडेसात टन द्राक्षं, आणि प्रत्यक्षात बऱ्याच बागा त्याच्या निम्म्यावरच असतात. केळीचा एक घड वीस पंचवीस किलोचा बघणाऱ्या डोळ्यांना एका वेलीवर किलो दीड किलो माल बघून धक्काच बसतो.

आणि ही माती पण निसर्गाने दिलेली नाही, माणसाने केलेली आहे. हे मला सगळ्यात जास्त भिडलं. डोंगराचा उतार कित्येक ठिकाणी तीस टक्क्यांहून जास्त, त्यावर चुरा टिकणार कुठे. मग लोकांनी लोखंडी पहारी आणि सुरुंगाची दारू घेऊन खडक मीटर सव्वा मीटर खोल फोडला, मोठे दगड रचून चुना सिमेंट न वापरता कोरड्या ताली उभ्या केल्या, आणि मागे चुरा भरला. मातीशास्त्रात अशा मातीला वेगळा गटच आहे, माणसाच्या हाताने बनलेल्या माती म्हणून. स्पेनच्या गॅलिशिया भागातून मजूर यायचे, या ताली रचण्यात त्यांचा मोठा हात होता. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला पावरा, भिल्ल लोकांनी नाल्याकाठी दगडाचे बांध घालून शेतं केलीत ती बघितलेल्यांना या कामाचे कष्ट कळतील, ते कुठे लिहून ठेवले जात नाहीत एवढंच.

मग १८६० च्या दशकात फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि दोउरोच्या बागाच्या बागा वाळल्या. उपाय पुढे मिळाला तो अमेरिकन जंगली वेलीच्या खुंटावर कलम करण्याचा, आपल्याकडे नाशिक सांगलीत डॉगरिज खुंट वापरतात ती पण त्याच घराण्यातली पद्धत, फक्त आपण पाण्याचा ताण आणि क्षार सहन व्हावेत म्हणून वापरतो. पण सगळ्या ताली परत लागवडीखाली आल्या नाहीत. आजही डोंगरावर अरुंद जुन्या पायऱ्या दिसतात, त्यावर झुडपं नाहीतर ऑलिव्हची झाडं, खाली नवीन रुंद पायऱ्या ज्यात छोटा ट्रॅक्टर फिरतो. २००१ मधे युनेस्कोने या खोऱ्याचा एक भाग जागतिक वारसा म्हणून घेतला, आणि तो घेताना नुसता निसर्ग म्हणून नाही, माणसाने घडवलेला प्रदेश म्हणून घेतला. बरोबरच आहे.

सीमा आखण्याची गोष्ट त्याच्याही आधीची. अठराव्या शतकात पोर्टला इंग्लंडमधे मागणी वाढली तशी भेसळ वाढली, रंग यावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या काळ्या फळाचा रस घालायचे, भाव पडले, आणि मग १७५६ मधे पोंबालच्या मार्क्विसने, तो तेव्हा राजाचा मुख्य मंत्री होता, एक कंपनी स्थापन केली आणि कोणत्या जमिनीतली वाईन पोर्ट म्हणून जाईल याची हद्द ठरवली. एल्डरची झाडं उपटायला लावली. हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले, त्यातले काही अजून उभे आहेत. जगातल्या सगळ्यात जुन्या आखीव वाईन प्रदेशांपैकी हा एक. भूगर्भशास्त्र तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, पण ती हद्द बऱ्यापैकी शिस्ट धरूनच गेलीये, चवीवरून लोकांना दगड कळलेला होता.

१९४७ पासून तर प्रत्येक तुकड्याला मार्क देतात. बारा गोष्टी बघतात: जागा कुठली, उंची किती, उतार किती, तोंड कुठल्या दिशेला, दगड कुठला, वेलीचं वय, जाती कुठल्या, वाऱ्यापासून आडोसा आहे का वगैरे. शिस्ट असेल तर मार्क वाढतात, ग्रॅनाइट असेल तर कापतात. आणि वेलीला माल जास्त येत असेल तर त्याचेही मार्क कापतात! बाराशेच्या वर गेला तर ए दर्जा, त्याखाली बी, सी असं उतरत जातं, आणि दर्जावर ठरतं की त्या वर्षी त्या तुकड्यातल्या किती रसाची पोर्ट करायची परवानगी. आपल्याकडे जिरायत बागायत सोडून जमिनीला इतक्या बारकाईने कोणी बघत नाही. माझ्या मते ही पद्धत लॅबच्या रिपोर्टपेक्षा पण शहाणी आहे, कारण ती माती एकटी बघत नाही, ऊन, वारा, उतार, पीक सगळं एकत्र धरते.

उन्हाचं थोडं सांगते. तिथला माणूस बाग बघताना आधी विचारतो की उताराचं तोंड कुठे. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेला उतार जास्त तापतो, उत्तरेकडचा गार राहतो. तोरिगा फ्रांका नावाची जात उशिरा पिकते, ऊन सोसते, तिला तापलेला उतार देतात. तिंता बारोका लवकर पिकते, साखर झटकन चढते, ऊन जास्त झालं की दाणे सुकतात, तिला गार बाजू. तोरिगा नासिओनाल सगळ्यात मानाची, दाणे बारीक, माल कमी, रंग गडद, फुलांसारखा वास. जुन्या बागांमधे तर वीस वीस जाती एकाच तुकड्यात मिसळून लावलेल्या असतात आणि एकत्रच तोडतात, एखादी वाया गेली तरी दुसरी तारते असा हिशोब. वर चढाल तसं शंभर मीटरला अर्धा पाऊण डिग्री टेम्परेचर उतरतं. सहाशे मीटरवर पठारावर फाव्हायोस म्हणून गाव आहे, तिथे मोस्कातेल ही पांढरी सुगंधी जात होते, खाली नदीकाठी ती अशी झाली नसती.

पोर्ट गोड आणि कडक का, ते पण या हवेशी जोडलेलं आहे. एवढ्या उन्हात साखर भरपूर. रस आंबायला लागला की निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट घालतात, साधारण चार भाग रसाला एक भाग, मग यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, गोडी राहते आणि वाईन १९ ते २२ टक्क्यांवर जाते. आंबण्याला दोन तीन दिवसच मिळतात, तेवढ्यात सालीतला सगळा रंग निघाला पाहिजे, म्हणून दगडी हौदात माणसं उतरून पायाने तुडवतात, चांगल्या पोर्टसाठी काही ठिकाणी अजूनही. आणि मग ती वाईन मुरायला खोऱ्यात ठेवायची नाही, नदीच्या मुखाशी पोर्तोच्या समोर गाया गाव आहे तिथे न्यायची, कारण वर खोऱ्यातल्या उन्हाळ्यात पिंपं तापतात, वाईन लवकर म्हातारी होते, भाजल्यासारखी चव येते. गायाला समुद्राची दमट गार हवा. पूर्वी सपाट बुडाच्या होड्यांतून पिंपं उतरवायचे, धरणं झाली तशा त्या थांबल्या, आणि १९८६ पर्यंत परदेशी पाठवायची पोर्ट गायातूनच जावी असा नियम होता. द्राक्षाला एक हवा आणि त्याच्याच वाईनला दुसरी, इतका विचार.

गोड नसलेली लाल वाईन तिथे उशिरा नावारूपाला आली. १९५२ मधे फर्नांदो निकोलाउ द आल्मेडा यांनी बार्का व्हेल्या काढली, दोउरो सुपेरिओरमधे, जिथे सगळ्यात जास्त उकाडा. वीज धड नव्हती, आंबणारा रस थंड ठेवायला समुद्रकाठच्या मातोझिन्यूशहून बर्फ आणायचे. खालच्या गरम बागेतल्या द्राक्षाला दाटपणा होता पण आंबटपणा उतरलेला, मग उंचावरच्या गार बागांतली द्राक्षं त्यात मिसळायची. बहिणीने मला एकाच जातीच्या दोन लाल वाईन समोर ठेवून चाखायला दिल्या, एक नदीकाठची, एक वरची. खालची तोंडभर, जाड, सुकलेल्या काळ्या फळांची. वरची जरा पातळ, पण जिभेच्या कडांना पाणी सुटलं, आणि घोट गेल्यावर पण ते पाणी सुटतच राहिलं. मला वरची आवडली. बहिणीला खालची.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी कारण वाईनच्या जाहिरातीत फार भरकटलेलं वाचते मी. शिस्टची चव वाईनमधे उतरते असं सरसकट लिहितात. दगड ग्लासात येत नाही. मुळं जे घेतात ते क्षारांचं बारीक प्रमाण, त्याला दगडाची चव नसते. दगड काय करतो तर पाणी किती आणि कधी मिळेल ते ठरवतो, मुळं किती खोल जातील ते ठरवतो, घडाभोवती रात्री किती ऊब राहील ते ठरवतो, आणि त्यातून साल किती जाड, दाणा केवढा, आंबटपणा किती उरला हे ठरतं. जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, बामणोदच्या वांग्याची चव दुसरीकडे येत नाही असं आपण म्हणतो, तिथे पण माती चव ओतत नसते, ती त्या झाडाला कसं वाढू देते त्यावर सगळं असतं, असं माझं मत आहे.

आता मात्र ऊन हाताबाहेर चाललंय. १४ जुलै २०२२ ला पिन्याँवला ४७ डिग्री नोंदलं गेलं. भुसावळकरांना हा आकडा नवा नाही, पण आपल्याकडे मे महिन्यात द्राक्षाचा माल वेलीवर नसतो, त्यांच्याकडे जुलैत घड भरात असतात. पारा पस्तिसाच्या वर बराच वेळ राहिला की वेल पानांची छिद्रं बंद करून घेते, पाणी वाचवते, पण मग पिकणं पण थांबतं, आणि उघड्यावरचे दाणे भाजून सुकतात. यावर पानांवर केओलीनची पांढरी माती फवारतात, आपल्याकडे डाळिंबावर मारतात तीच. तोडणी अलीकडे सरकतेय, २०१७ ची फार लवकरच्या तोडण्यांपैकी एक होती, तरी त्या वर्षीची पोर्ट इतकी उतरली की २०१६ पाठोपाठ २०१७ पण मोठ्या घराण्यांनी खास वर्ष म्हणून जाहीर केलं, असं लागोपाठ फार क्वचित होतं. म्हणजे ताण काही प्रमाणात वाईनला मानवतो. पण दरवर्षी नाही, आणि कोवळ्या वेलीला अजिबात नाही, कारण तिची मुळं अजून खोल गेलेलीच नसतात. म्हणून जे उत्तरेकडचे उतार आणि उंचावरचे तुकडे पूर्वी कमी मार्कांचे म्हणून मागे पडायचे त्यांनाच आता मागणी येतेय. १९४७ च्या मोजणीत खाली नदीकाठच्या उष्ण जमिनीला जास्त मार्क आहेत, तेव्हा द्राक्ष नीट पिकतं का ही काळजी होती. माझं स्पष्ट म्हणणं आहे की ते मार्क आता नव्याने द्यायला हवेत.

परत आल्यावर मामाला फोटो दाखवले. त्याने मोबाईल जवळ घेऊन, झूम करून बघितले आणि म्हणाला, "काय वं माय, दगडमा काय पिकस?" आणि मग स्वतःच हसला, कारण त्याचं डाळिंब दगडातच आहे. पुढचा प्रश्न लगेच आला की आपल्या मुरमात ही वाईनची द्राक्षं लावली तर. मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण अजून दोघातिघांनी विचारलंय.

मुरूम निचरा करतो, उतार आहे, माल कमी येईल आणि दाणे लहान राहतील, इथपर्यंत जुळतं. पण आपला मुरूम बेसॉल्टचा, खाली बऱ्याच ठिकाणी अखंड पाषाण लागतो, उभ्या फटी नसल्या तर मुळं अडतात आणि पाणी पण साठत नाही, म्हणून ड्रिपशिवाय चालणार नाही. त्याहून मोठा फरक थंडीचा. दोउरोची वेल हिवाळ्यात पानं टाकून पूर्ण झोपते, एकदाच छाटतात, मार्चमधे डोळे फुटतात, सप्टेंबरमधे तोडणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी अशा दोन कराव्या लागतात, आणि माल फेब्रुवारी मार्चमधे पिकतो. म्हणजे दोउरोत द्राक्ष उन्हाळा सोसून शरदात पिकतं, आपल्याकडे हिवाळ्यात भरतं आणि ऊन चढत असताना पिकतं, सगळं उलट. त्यामुळे दोउरोची जात आणली तरी दोउरोची वाईन होणार नाही, आपल्या हवेची जी काय व्हायची ती होईल. ती चांगली होऊ शकते, त्यात मला शंका नाही, पण ती कशी असेल हे कोणी आधी सांगत असेल तर त्याच्याकडून रोपं घेऊ नका.

मामाला मी एवढंच काम सांगितलंय की वरच्या तुकड्यात जेसीबी लावून दीड मीटरचा खड्डा उभा कापून घे, माती लॅबला पाठवू नकोस, खड्ड्याच्या भिंतीचा फोटो पाठव. मुरमाखाली फटी आहेत का, जुन्या बोरीबाभळीची मुळं कुठपर्यंत गेलीत, आणि पावसाळ्यानंतर खाली ओल किती दिवस राहते हे आधी बघू. तोपर्यंत डाळिंब काढायचं नाही.